बिनकुलपाचं घर

शहाण्याने बाहेर पडून दार ओढून घेतलं आणि आतली लोखंडी आगळ धाडकन पडल्याचा आवाज त्याच्या कानावर आला. घरात कुणीच नव्हतं. पुढे त्याने जे केलं त्यावरून त्याला शहाण्या का म्हणतात ते कळेल. त्याने बेल वाजवली. दोनदा.

घराला बाहेरून कुलूप लावायची सोयच नव्हती. शहाण्याच्या पणजोबांनी घर बांधलं तेव्हा दाराला बाहेर कडी म्हणून ठेवली नाही. आपलं घर कधी रिकामं राहणारच नाही, असा त्यांचा तोरा. पुढच्यांनी तो इमानेइतबारे जपला, म्हणजे दर पिढीत एका माणसाला घरात बसवून जपला. आधी लंगडे चुलत आजोबा, मग एक विधवा काकू, आणि गेली तीसेक वर्षं आत्या. आत्याचं लग्न ठरता ठरता राहिलं आणि मग ठरवायचंच राहून गेलं. जुनी घरं बघत हिंडणारे लोक यायचे. शहाण्याचे वडील, म्हणजे आत्याचे दादा, त्यांना दारापाशी उभं करून सांगायचे, "चार पिढ्यांत कुलूप ठाऊक नाही या घराला!" आत्या आतून चहा आणायची. पाहुणे दाराचा फोटो काढायचे.

दादांचं लग्न आत्याने अल्बममध्ये पाहिलं. दोघांची आई दवाखान्यात होती तेव्हा सगळे आळीपाळीने जाऊन बसत. शेवटच्या दुपारी सगळ्यांनाच बोलावणं आलं, आणि घरी कुणीतरी हवं म्हणून आत्या मागे राहिली. त्या दुपारी तू काय केलंस, असं तिला कधी कुणी विचारलं नाही. तिने स्वयंपाकघरातल्या फळ्या घासून काढल्या होत्या, स्वच्छच असलेल्या.

आज ती वहिनीबरोबर डोळे तपासायला गेली होती. डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धुरकट. परत आली तर दारात दादा, सुतार आणि मान खाली घातलेला भाचा.

"तुला नुसतं बसायचं होतं रे!" दादा कडाडले. "आत्या तीस वर्षं बसली, तुला तासभर जमेना?"

हे आपलं कौतुक आहे की काय, ते आत्याला कळेना.

खिडक्यांना गज, मागचं दारही आतून बंद. सुताराने दाढी खाजवली. "फळी कापून हात घालायला लागेल, दादा."

"अहो, माझ्या आजोबांचं दार आहे ते!"

"मग त्यांनाच बोलवा उघडायला," वहिनी म्हणाली.

"कापा," आत्या म्हणाली.

"तू गप गं. तुला दिसतंय तरी का काही?"

"दार दिसतंय. आई गेली तेव्हाही हेच दिसत होतं, आतल्या बाजूने. कापा हो तुम्ही."

दादा दारापासून बाजूला झाले. सुताराने करवत लावली.

संध्याकाळपर्यंत दाराला नवी पट्टी आणि दार ओढताच आपोआप लागणारं पितळी कुलूप बसलं. किल्ल्या तीन निघाल्या. दादांनी एक स्वतः घेतली, एक वहिनीला दिली, एक शहाण्याकडे फेकली. आत्याचा हात पुढे आलेला होता. तिने तो तसाच पदराला पुसला.

"तुला कशाला?" दादा अगदी सहज म्हणाले. "तू तर घरातच असतेस."

जिन्यात शहाण्याने तिला गाठलं. "आत्या, तुझी मी करून आणतो. उद्याच."

"आण हो."

आता रोज दुपारी आत्या चपला घालते आणि दार मुद्दाम ओढून घेते. नदीपर्यंत जाते, कधी बाजारात उगाच भाव विचारत फिरते. परत येऊन पायरीवर बसते, कुणीतरी किल्लीवालं येईपर्यंत. येणारे-जाणारे विचारतात, "काय, बाहेर बसलात?" ती म्हणते, "हो, बाहेर."

किल्लीचं विचारलं की शहाण्या कपाळावर हात मारतो. "अरे हो! उद्या नक्की, आत्या."