बरगडीला लावलेला कोपर

खटका हे त्याचं खरं नाव नव्हे. उजवा खांदा कानाकडे उडायचा आणि पाठोपाठ घशातून ‘हंक’ असा आवाज निघायचा, म्हणून वर्कशॉपात पडलेलं नाव. पोरवयापासूनची खोड. मार खाऊन गेली नाही, औषधांनी नुसती झोप आणली. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खांदा उडायच्या आधी आत एक ओढ लागते. ती लागली की तो कापणारं टूल मागे घ्यायचा, खांदा उडू द्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

पन्नाशी उलटली आणि ओढ लागताक्षणीच खांदा उडू लागला. एक दिवस टूल मागे घ्यायला वेळच मिळाला नाही. जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, फिरत्या चकच्या पकडीतून निसटला आणि भिंतीत खड्डा पाडून खाली पडला. तिथे कोणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. फोरमनने त्याला पेट्यांना खिळे ठोकायला बसवलं. बरा होऊन ये, लेथ तुझाच, म्हणाला. बरा झाला नाही तर काय, ते बोलला नाही.

इस्पितळात नवा उपचार चालू होता. आधी डोक्यावर चुंबकाचे ठोके, मग लगेच सवय मोडायचा सराव. दोन्ही जोडीने दिल्याने जास्त गुण येतो का, हे तिथले डॉक्टरही अजून तपासत होते आणि तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

ठोका किती जोराचा हवा ते ठरवायला यंत्रावरच्या माणसाने चुंबकाचं वेटोळं त्याच्या डोक्यावर सरकवलं. टक. खटक्याचा अंगठा उडाला. अंगठा त्याचा, उडवणारा दुसरा. त्याच्या अंगावर काटा आला, कारण ते ओळखीचं वाटलं. जन्मभर खांदाही असाच उडत आला होता. तो उडवणारा कोण, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

शेजारच्या खोलीत सराव घेणारी ताई होती, त्याच्या मुलीच्या वयाची. तिने सांगितलं, ओढ लागली की कोपर बरगडीला लावायचा, सावकाश श्वास घ्यायचा, ओढ ओसरेपर्यंत तसंच थांबायचं. खटक्याला पटलं. हे काम होतं, आणि कामाला तो कधी मागे हटला नव्हता. ओढ कशाला लागू द्यायची, असा हिशेब करून तो दिवसभरच कोपर आवळू लागला. जेवताना, चालताना, पेट्या ठोकताना.

घर गप्प झालं. नवरा कुठल्या खोलीत आहे हे बायको त्या ‘हंक’ आवाजावरून ओळखायची. आता ती स्वयंपाकघरात मागे वळायची आणि हा हातभर अंतरावर उभा असायचा. एकदा तिच्या हातून भांडंच पडलं.

“अहो, खोकत तरी जा,” ती म्हणाली. “घरात कोणी परका शिरल्यासारखं वाटतं.”

त्याला तर अंगातच कोणी शिरल्यासारखं वाटत होतं. कोपर आता आपोआप आवळला जाई. एका दुपारी पाण्याच्या पेल्याकडे हात न्यायला गेला, तर हात बरगडी सोडेना. त्याने डाव्या हाताने तो उपटून काढला. सोडल्याबरोबर परत जाऊन बसला, सावकाश, दार लोटून घ्यावं तसा.

पुढच्या खेपेला त्याने ताईला सगळं सांगितलं.

“काका, ओढ लागायच्या आधीच दाबता?”

“मग काय, तिची वाट बघत बसू?”

“हो. तेच तर काम आहे.”

त्याला राग आला. वाट बघणं हे कसलं काम? पण समोर बसून तिने ते करून घेतलं. हात मांडीवर, सैल. ओढ मानेच्या मुळाशी येई, ऊन बोट टेकवल्यासारखी. ती पुरती येऊ द्यायची, मगच कोपर, तोही जेमतेम टेकेल इतका. बोल्ट जास्त आवळला की आटे जातात, हे कळायला त्याला ताई लागत नव्हती. आपलं शरीरही त्यातलंच, हे मात्र तिनेच शिकवलं. घाम निघाला. लोखंड कापताना इतका निघाला नव्हता.

अनेक आठवड्यांनी फोरमनने त्याला लेथवर उभं केलं. स्वतः लेथ बंद करायच्या बटणावर तळवा ठेवून शेजारी थांबला. चक फिरू लागला, टूल जॉबला भिडलं, बुरा निघू लागला. आणि मानेवर ऊन बोट टेकलं.

खटक्याने टूल सावकाश मागे घेतलं. कोपर दाबला नाही. मागून कोणी जवळ येऊन उभं राहावं, तशी ओढ खांद्यावरून कानाशी आली. ती पुरती आल्यावर त्याने कोपर बरगडीला टेकवला, श्वास सोडला. ती तिथेच थांबली. मग ओसरली. हात सुटला, तोही त्याच्याच मर्जीने. त्याने टूल पुन्हा लावलं आणि काप पुरा केला. फोरमनने पृष्ठभागावरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.

“आलं होतं का रे?” फोरमनने विचारलं.

“आलं होतं.”

“मग गेलं?”

“जात नाही. इथंच उभं असतं.”

फोरमनने एकदा मागे बघितलं. मग बटणावरचा हात काढला आणि पुढचा जॉब त्याच्याकडे सरकवला.