कानामागचा स्क्रूड्रायव्हर

हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "गप. बोलाय लागलंय ते." इंजिनाची तक्रार ऐकून घ्यायची ही गॅरेजवाल्या काकांची रीत. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात, हे कानामागे. मला वाटायचं, असेल एखाद्याची ऐट.

मी चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळात लोकांची ऐकण्याची तपासणी करते. आमच्या पेशात पेशंटचं नाव सांगत नाहीत, म्हणून त्यांचंही सांगणार नाही. एवढ्यावरून पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. मला मात्र तीन वर्षं लागली, आणि मी तर पगार त्याचाच घेते.

चंडीगडजवळ खरड गावाच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. नाशिकहून आणलेली माझी जुनी गाडी खडखडायला लागली म्हणून गेले, तर नंबरप्लेट बघून साठीचे एक गृहस्थ उठून आले. "एमएच पासिंग? गाव कुठलं म्हणायचं?" ते कोल्हापूरचे निघाले. तेव्हापासून ते काका आणि मी ताई. बाकी जग त्यांना उस्तादजी म्हणे. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे पाव मैल सरळ रस्ता आणि जो आधी पोचेल तो शहाणा अशा शर्यतीत, पळणारी इंजिनं बांधण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

एका वर्षी त्यांनी शर्यतीच्या सगळ्या इंजिनांतले हायड्रॉलिक टॅपेट काढून सॉलिड बसवले. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा ढकलणारा छोटा लोखंडी तुकडा. हायड्रॉलिकच्या पोटात तेल असतं. ते टॅपेट आणि झडपेमधली फट आपोआप भरून काढतं, त्यामुळे इंजिन गप्प चालतं. सॉलिडमध्ये तेल नाही. फट आपण हाताने ठेवायची, दर शर्यतीआधी पातळ पट्टीने मोजायची आणि वर त्याची टिकटिक ऐकायची.

"मग सुखाचं सोडून हे कशाला?" मी विचारलं.

"फट पायजे, ताई. लई जोरात फिराय लागलं की तेलवाला गोंधळतो. झडप नीट मिटंना होती. सॉलिडचं तसं न्हाई. त्याला फट दिली की त्यो आपला सरळ चालतो."

त्या मोसमात त्यांच्या गाड्या सगळ्यांच्या पुढे राहिल्या. मग काय, पुढच्या मोसमात मोहालीपासून डेराबस्सीपर्यंत जो तो टॅपेट बदलायला निघाला. बापाच्या पैशावर गाड्या पळवणारे सॉलिडवर अशी चर्चा करत, जणू ते त्यांनीच शोधून काढले होते.

घरातही काकांचं हेच तत्त्व. "आमच्या हिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. चार वर्षं झाली. रुसलीया कशावर तरी. मी बी ईचारलं न्हाई. ऱ्हाऊ दे जरा फट." मी हसले होते. माझ्या शहाणपणाचा हा आणखी एक पुरावा.

मग एका दुपारी वीज गेली. कॉम्प्रेसर, ग्राइंडर, रेडिओ, सगळं एकदम थांबलं. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "काका, गाडी कधी नेऊ?" ते पाठमोरे काम करत राहिले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. वीज आली, गोंगाट सुरू झाला, मी ओरडून तेच विचारलं आणि वळून ते म्हणाले, "परवा न्या की."

गोंगाटात सगळेच ओरडून बोलतात, म्हणून त्यांना तिथे ऐकू येई. शांततेत हा माणूस बहिरा होता.

मी मागे लागले म्हणून काकूंना घेऊन ते तपासणीला आले, तेही नाइलाजाने. कानातलं सर्वांत लहान हाड जखडलं होतं. हवेतून येणारा आवाज तिथे अडायचा, कानामागच्या हाडावर टेकवलेला थेट आत जायचा. स्क्रूड्रायव्हर कानामागे का, ते मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे हाडावरून आवाज पोचवणारं यंत्र असतं. ते मी त्यांच्या कानामागे बसवलं आणि माइक काकूंच्या हातात दिला. म्हटलं, रोजचं काहीतरी बोला. काकू लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "च्या ठेवू का?"

काका गर्रकन वळले. "हे तू रोज ईचारतीस?"

"रोजच. तुमीच बोलंना झाला, मग मी बी कमी केलं."

मी मान खाली घालून कागदावर काहीबाही लिहीत बसले, कारण माझे डोळे भरले होते.

काकू बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "खरं सांगू ताई? सॉलिड मी वेगासाठी न्हाई घातलं. हायड्रॉलिकचं मला स्क्रूड्रायव्हर लावून बी नीट कळंना. म्हटलं, ह्ये तरी वाजतंय. गाडी पळाली, मग मागनं कारणं जुळवली."

ऑपरेशनने कान सुधारण्यासारखा होता. पण सर्जननी बजावलं, नंतर शर्यतीचा गोंगाट कायमचा बंद. म्हणजे आयुष्यभराचं काम बंद. काकांनी एकच विचारलं, "हिचं ऐकू येईल न्हवं?"

ऑपरेशन झालं, आणि दोन महिन्यांनी गॅरेज हाताखालच्या मेकॅनिकांच्या हवाली करून दोघं कोल्हापूरला गेले. पुढे एकदा फोन आला. "ताई, लई बोलती ओ ही. चार वर्षांचं साठलंय." मागून काकू काहीतरी म्हणाल्या आणि त्यांनी तिकडे उत्तरही दिलं.

परवा मुल्लानपूरला शर्यत होती, म्हणून गेले. ओळीने उभ्या गाड्या टिकटिकत होत्या. प्रत्येक गाडीपाशी एक मेकॅनिक, डोळे मिटलेले, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडावर. सगळ्यांचे कान ठणठणीत. मी जवळच्याला सांगायला गेले की बाबा, तुला कानाला लावली तरी चालेल.

त्याने डोळे न उघडताच हात वर केला. "चुप, मॅडमजी. बोल रहा है."

मला काकांची फार आठवण आली. मी गप्प उभी राहिले.