आठ तासांचा आखाडा

वसंतकाका दवाखान्याच्या पायऱ्या उलटे उतरत होते. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, तोंड माझ्याकडे, पाठ रस्त्याकडे. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्याच आखाड्यातले आणखी दोघं तसेच उतरले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, की माणसं दरबारातून निघाली आहेत आणि डॉक्टरबाईला पाठ दाखवायची नाही असा इथला रिवाज आहे.

कारण मांड्यांमध्ये होतं. बैठका मर्यादेबाहेर झाल्या, की पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू अंगाचा भार पेलत नाही. उलटं उतरलं की निभतं. तिघांनाही मी दुखण्याची गोळी आणि मलम देऊन पाठवलं होतं. तरण्या वयात जमत होतं ते पन्नाशीत करायला गेले असतील, एवढंच मला वाटलं.

पाच मिनिटांनी कंपाउंडर चौरसियाजी औषधांची मांडणी लावत होते. खोकल्याच्या मिक्श्चरच्या बाटल्यांच्या रांगेत त्यांनी एक बाटली नीट सरळ करून ठेवली. ती वसंतकाकांची लघवी होती. त्यांच्या बायकोने, शालिनीकाकूंनी, बळेच तपासायला आणलेली, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत. मी ओरडले.

चौरसियाजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, कलर तो वही है."

तेच तर दुखणं होतं. काळ्या चहाच्या रंगाची लघवी ही थकव्याची खूण नाही. स्नायूवर त्याच्या कुवतीबाहेर, न थांबता, पाण्याविना मारा झाला की तो फुटायला लागतो. त्यातला रंगीत पदार्थ रक्तात उतरतो आणि किडनीच्या गाळणीत जाऊन अडकतो. माणूस म्हणतो, पाय दुखतात. आत किडनी बंद पडत असते.

मी रस्त्यावर धावले. काका कोपऱ्यापर्यंतच पोचले होते. त्या चालीने ते आणखी लांब जाऊच शकत नव्हते.

"काका, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

"आज नाही जमणार बेटा. तीनची शिफ्ट आहे."

"कुठली शिफ्ट? मिल बंद होऊन वर्ष झालं."

"आखाड्याची," काका म्हणाले. जणू मी मूर्खासारखं काही विचारलं होतं.

मला हे कळायला काकूंना विचारावं लागलं. आमचा धर्मादाय दवाखाना इंदूरच्या परदेशीपुऱ्याजवळ, आजूबाजूला सगळी कापडमिलची वस्ती. मिल बंद झाली तेव्हा कोणी काही सांगितलं नाही. गेटला कुलूप लागलं, बस. माणसं रोज डबा घेऊन गेटपर्यंत जायची, कुलूप बघायची आणि परत यायची. दिवसभर घरात बसणं त्यांना जमेना, आणि ते घरात बसलेले बायकांना बघवेना. मग भगवंतराव उस्तादांनी सगळ्यांना आखाड्यात बोलावलं.

उस्ताद मिलमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे एका रांगेतले माग आणि त्यावरची माणसं सांभाळणारा. मिल चालू होती तेव्हा आखाड्यात कामाआधी तासभर मेहनत व्हायची. आता सगळा दिवस पडला होता. उस्तादांनी त्याच्या दोन शिफ्ट पाडल्या, सात ते तीन आणि तीन ते अकरा. मध्ये डबा खायची सुट्टी. दारात नाव पुकारून हजेरी. जोर, बैठका आणि मुद्गल अशी तीन खाती झाली. मुद्गल म्हणजे खांद्यावरून फिरवायचा लाकडी गदेसारखा ठोकळा. दिवसभरात मारलेल्या बैठकांना प्रॉडक्शन म्हणायचे. प्रॉडक्शन कमी पडलं तर खुलासा द्यावा लागे.

आणि फाटकाबाहेर बदली उभे असायचे. कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी घेतला जातो तो बदली, ही मिलची जुनी रीत. तिथे माणूस पोटासाठी उभा राहायचा. इथे तो बैठका मारायला मिळाव्यात म्हणून उभा राही. मी पुढे हे डोळ्यांनी पाहिलं. एकाला आत घेतलं नाही म्हणून तो फाटकाशी रडवेला झाला होता.

सांगितल्याशिवाय गैरहजर राहिलं तर नाव कट. नाव कट झालं की झांकीपुढे चालायला मिळणार नाही. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलचे कामगार गणपतीच्या मिरवणुकीत देखाव्यांच्या गाड्या काढतात, त्या झांकी. झांकीपुढे आखाडे खेळत चालतात आणि सगळं शहर बघायला उभं असतं. मिल बंद असली तरी झांकी काढायचीच, असं वस्तीने ठरवलं होतं. उस्तादांनी त्यासाठी प्रॉडक्शन वाढवलं. काकांच्या जागेवर एका तरुण बदलीचा डोळा होता, म्हणून काकांनी आपलं आणखी वाढवलं.

त्याच दिवसांत शहराच्या दुसऱ्या टोकाला, पलासियाकडे, थंड हवेचे हेल्थ क्लब उघडत होते. तिथे लोक पट्ट्यावर जागच्या जागी चालायला मोटारीने जायचे. देश आता खुला झाला, असं रोज टीव्हीवर सांगत होते. आमच्या बाजूला खुलं असं एकच फाटक होतं, आखाड्याचं.

काकूंनी आणि मी काकांना जवळजवळ उचलून टेम्पोत घातलं. हॉस्पिटलात रक्त तपासलं. किडनीचं काम दाखवणारा आकडा वर गेला होता, पण अजून हाताबाहेर नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि स्पष्ट सांगितलं, पडून राहायचं, भरपूर पाणी, अजून दोन दिवस हीच मेहनत केली तर मशीनवर रक्त साफ करावं लागेल. काकांनी मान हलवली. मी दवाखान्यात परत आले.

तीन वाजून गेल्यावर काकू धापा टाकत आल्या. काका पलंगावर नव्हते.

मी थेट आखाड्यावर गेले. बाईने आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही, म्हणून फाटकापाशीच उभी राहिले. आत काका मुद्गल फिरवत होते. हातात सलाइनची सुई तशीच खोचलेली, वर चिकटपट्टी. मुद्गल खांद्यावरून गेला की पट्टीचं टोक फडफडायचं. उस्तादांनी त्यांना बैठकांच्या खात्यातून मुद्गलच्या खात्यात घातलं होतं. पाय दुखतात म्हणून हलकं काम.

मी काकांना फाटकापाशी बोलावलं.

"काका, किडनी जाईल."

"बेटा, एकदा नाव कटलंय माझं. परत नाही कटू देणार."

"इथे कुठे पगार मिळतो?"

"तिथे तरी शेवटी कुठे मिळत होता?"

मी दवाखान्याच्या कागदावर रजेचं सर्टिफिकेट लिहिलं आणि उस्तादांना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, अदबीने वाचलं आणि परत केलं.

"डॉक्टरबाई, मिलच्या डॉक्टरचं लागतं."

"मिलचे डॉक्टर घरी बसलेत. मिलच नाहीये."

"तो फिर अपन क्या करणार? नियम तर नियम आहे न."

"मग निदान त्यांना पाणी तरी प्यायला द्या."

"मेहनत चालू असताना पाणी नाही. जड होतं शरीर."

माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत खरी काळजी होती. तो फक्त मिल चालवत होता, जिथे मिल नव्हती तिथे. मी चिडून घरी गेले.

मी पत्रकांवर वाढले आहे. बाबा मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते आणि युनियनची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. शाळेतून आले की घड्या घालायचं काम माझं. अक्षरओळख मला बाराखडीपेक्षा मागण्यांतून जास्त झाली. त्यामुळे हातात कार्बन पेपर आल्यावर मी वैद्यकीय सल्ला लिहिला नाही. मी लिहिलं, 'कामगार बंधूंनो, शोषण आता आखाड्यातही.' खाली मागण्या. व्यायाम दिवसाला एक तास. आठवड्याची सुट्टी. मेहनत चालू असताना पाणी. लघवी काळपट दिसली की त्याच क्षणी काम बंद, आणि आजाऱ्याचं नाव कट होणार नाही. शेवटी जॉबरशाही मुर्दाबाद.

बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलने मुर्दाबाद खोडलं.

"का?" मी विचारलं.

"भगवंताला मी ओळखतो. लागेल त्याच्या मनाला. आणि हे बघ, आठ तासांवरून एकदम एक तासावर कोणी येत नाही. त्याला हो म्हणता येईल असं काहीतरी ठेव."

"बाबा, हे शरीरशास्त्र आहे. यात घासाघीस नसते."

"घासाघीस सगळ्यात असते," बाबा म्हणाले आणि चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले.

संध्याकाळच्या डब्याच्या सुट्टीत आम्ही फाटकावर पत्रकं वाटली. तोवर काकू तांब्या घेऊन तिथे उभ्याच होत्या आणि नवरा फाटकाजवळ आला की पाणी पाजत होत्या. उस्ताद तिकडे बघायचे नाहीत. माणसांनी पत्रक हातात घेतलं आणि मला वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. त्यांनी ते मिलच्या पत्रकासारखंच वाचलं, आधी मथळा, मग मागण्या. एकाने मोठ्याने वाचून दाखवलं. लघवीच्या मागणीवर कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, "भिया, माझी पण चार दिवसांपासून तशीच येतेय." आणखी दोन हात वर झाले, दवाखान्याच्या पायऱ्या उलटे उतरलेल्या त्या दोघांचे.

सुट्टी संपली. उस्तादांनी शिट्टी वाजवली. कोणी उठलं नाही. मुद्गल भिंतीला टेकवलेले, माणसं मातीत मांडी घालून बसलेली. वर्षभर या माणसांचं कोणी काही ऐकून घेतलं नव्हतं आणि त्यांना संप करायला जागाच उरली नव्हती. आता मिळाली होती. त्यांचे चेहरे अचानक तजेलदार दिसायला लागले. बाहेरचे बदली कामावर घेतले जातील का, अशीही कुजबुज झाली. पण बदलींनी फाटकावर उभं राहून संपाला पाठिंबा दिला.

उस्ताद पत्रक घेऊन माझ्यापाशी आले.

"डॉक्टरबाई, मी मालक कधी झालो?"

माझ्याआधी बाबाच पुढे झाले.

"भगवंतराव, तुम्ही मालक नाही. पण शिट्टी तुमच्या हातात आहे."

उस्ताद तिथेच ओट्यावर बसले. हळू आवाजात म्हणाले, की एक तास मेहनत करून ही माणसं घरी गेली तर उरलेल्या दिवसाचं काय करतील? दोघं जण दारूला लागले होते, त्यांना त्यांनीच ओढून आणलं होतं. आठ तास त्यांनी शरीरासाठी नाही, दिवसासाठी ठेवले होते.

हे मला कोणत्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. पण काकांच्या किडनीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी एक तासावर अडून बसले. उस्ताद आधी चारवर आले, मग तीनवर. कामगारांच्या बाजूने कोणी तरी दोन म्हणालं आणि माझ्याच माणसांनी मला दगा दिल्यासारखं वाटलं. शेवटी मी विचारलं, की मागाला तेल घालायला मिल थांबायची का? थांबायची, उस्ताद म्हणाले. तेव्हा माणसांची हजेरी कापायचे का? नाही, कशी कापणार?

तोडगा तिथे निघाला. हजेरी आठ तासांची, मेहनत एका तासाची. उरलेल्या वेळात एकमेकांची तेलमालिश, माती खणून मऊ करणं, झांकीची रंगरंगोटी, आणि झाडाखाली बसणं. सगळं कामात धरलं जाईल. पाणी कधीही. आजाऱ्याला माझ्या सहीवर रजा. हल्ली कित्येक कचेऱ्या याच तत्त्वावर चालतात, असं बाबा म्हणाले, पण ते नोंदीत घेतलं नाही.

उस्तादांनी पहिली रजा स्वतः पुकारली. "वसंत, मंजूर. जा." काकांनी मातीला हात लावून कपाळाला लावला आणि कोणी न सांगता बाहेर बोलावलेल्या टेम्पोत जाऊन बसले. त्यांच्याबरोबर हात वर केलेले तिघंही. चौघांना हॉस्पिटलात ठेवलं. काकांच्या लघवीचा रंग आठवड्यात उतरला, आकडा खाली यायला महिना लागला, पण किडनी वाचली. त्यांची जागा तोवर त्या तरुण बदलीने सांभाळली आणि काका परत आल्यावर तो मुकाट्याने फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मग उस्तादांनी त्यालाही कायम केलं. बैठका कमी झाल्यामुळे मातीत जागा झाली होती.

त्या मिलच्या कामगारांनी गेल्या कित्येक वर्षांत जिंकलेला हा एकच संप. समोरचा पक्ष त्यांच्यातलाच एक कामगार होता, म्हणून तो जिंकता आला. ज्यांच्याशी लढायचं होतं ते कुलूप लावून कधीच निघून गेले होते. त्यांच्या नावाने मी एक पत्रक लिहिलं होतं, पण ते कोणाच्या हातात द्यायचं हे आजवर कळलेलं नाही.

व्यायाम किती म्हणजे जास्त, असं लोक मला विचारतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही दुखणं वाढतच गेलं, स्नायू सुजून टणक झाले, हात-पाय उचलेनात, तर जास्त झाला. लघवी चहासारखी दिसली तर वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा. हे सगळं मी सांगतेच. पण कोणी पन्नाशीचा माणूस पायऱ्या उलटा उतरताना दिसला, की किती बैठका मारल्या हे मी नंतर विचारते. आधी विचारते, नोकरी चालू आहे का.