फरशीचं शूटिंग

आमचे हे लग्नाच्या रिसेप्शनचं शूटिंग करतात. स्टँड नाही, झगझगीत दिवे नाहीत. हॉलमध्ये असेल तेवढ्या उजेडात, कॅमेरा हातात धरून. "दिवा अंगावर आला की माणूस चेहरा करून बसतो," असं त्यांचं म्हणणं. चालतात इतके हलके की जेवणाचं कंत्राट घेणारे काका त्यांना मांजर म्हणतात. "मांजर आलं का? मग दुधाची पातेली झाका!" हा काकांचा ठरलेला विनोद. कोपरं बरगड्यांना चिकटवून, श्वास धरून हे उभे राहिले की चित्र भिंतीवर टांगल्यासारखं स्थिर. देव प्रत्येकाला काही ना काही देतो, यांना हात दिला.

घरी कॉम्प्युटरवर ते सगळं जोडायचं काम माझं. यांची एक खोड आहे. इकडून तिकडे जाताना कॅमेरा बंद करत नाहीत, नुसता खाली लोंबकळत ठेवतात. बंद केला आणि तेवढ्यात कोणी मनापासून हसलं तर? त्यामुळे माझ्याकडे नवरा-नवरीपेक्षा फरशी, चपला आणि खुर्च्यांचे पायच जास्त येतात. मी ते कापून टाकते.

एका दुपारी असंच कापत बसले होते. चित्रात फरशी होती आणि कडेला यांचा मोकळा उजवा हात. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, चिमटीत काहीतरी मळत असल्यासारखे. मग यांचा आवाज आला, अगदी हळू. "थांब रे बाबा. आजच्या दिवस थांब."

हे हाताशी बोलत होते.

सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी त्यांना मी चमच्याने पाणी पाजायची आणि हे दाराबाहेर उभे राहायचे. आत येऊन बघवायचं नाही त्यांना.

मी चहाचा कप काठोकाठ भरून द्यायची, तो अर्धा देऊ लागले. मी देवापुढे हात जोडले की लक्ष देवाकडे नाही, बाहेर पेपर धरून बसलेल्या यांच्या हातांकडे. कॉम्प्युटरमध्ये हलणारं चित्र स्थिर करायची सोय असते. कडा थोड्या कापल्या जातात, इतकंच. ती मी गुपचूप वापरू लागले. एकदा हे मागे येऊन उभे राहिले.

"नवरीच्या डोक्यावरची जागा कुठे गेली?"

"तुम्हीच जवळून घेतलंय."

"मी काय घेतलं ते मला माहीत नाही होय?"

उजवा हात खिशात घालून हे निघून गेले.

थोड्याच दिवसांत नणंदबाई आल्या. "दादा, माझ्या लेकीचं रिसेप्शन तूच घ्यायचंस. मामाच्याच हातचं हवं म्हणतेय ती."

"घेईन की," हे हसून म्हणाले.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "निदान स्टँड तरी लावा."

"स्टँडला पाय असतात, पण चालता येत नाही."

"मग डॉक्टरांना दाखवू."

"आधी भाचीचं रिसेप्शन होऊ दे. त्यांनी एकदा रोगाचं नाव सांगितलं की मग सुटका नाही."

म्हणजे यांनाही सगळं कळलेलं होतं.

रिसेप्शनला मी यांच्या मागे मागे राहिले. खिडक्यांतला उजेड कमी होत चालला होता. भाची स्टेजवरून उतरून कोपऱ्यात बसलेल्या आईकडे निघाली. यांनी कॅमेरा उचलला. हलायला लागला, खाली घेतला. पुन्हा उचलला. कपाळावर घाम. भाचीने एकदा वळून मामाकडे पाहिलंसुद्धा.

मी जाऊन यांच्यापुढे पाठमोरी उभी राहिले.

"अहो वहिनी, आज तुम्हीच मांजराला आडव्या गेलात की!" काका तिकडून ओरडले.

यांचं कोपर माझ्या खांद्यावर टेकलं. थरथर हाडात उतरली, मुठीत पाखरू धरावं तशी. मी श्वास धरला आणि मनात देवाचं नाव घेत राहिले. समोर भाचीने आईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला आणि परत तिच्या नाकावर बसवला. कॅमेरा खाली आला तरी माझा मनातला जप चालूच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. चित्र स्थिर होतं. मधूनच फक्त जरासं वरखाली व्हायचं.

"श्वास घेतलास ना मध्येच?"

"मग काय जीव देऊ?"

हे हसले. मग फरशी आली. यांचे बूट, शेजारी माझ्या चपला, आणि तो हात. आवाज माझा होता. मनात घेतेय असं वाटत होतं ते नाव मी तोंडाने पुटपुटत होते. आणि त्याच्या मागोमाग, जरा अडखळत, यांचाही आवाज. देवघराकडे कधी न फिरकणारा माणूस!

सवयीने माझं बोट कापायच्या बटणाकडे गेलं.

"राहू दे ते," हे म्हणाले. उजवा हात टेबलावर होता, हलत होता. खिशात घातला नाही. "आणि डॉक्टरांना फोन लाव."

मी फोन घेतला. नंबर दोनदा चुकला.