मामंजींचं नाव

वनमाला तापाला भ्यायची नाही, साथीला भ्यायची नाही. भ्यायची ती एका नावाला.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजार पेठेत तिच्या सासऱ्यांचं औषधाचं दुकान. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विरघळलं, कचेऱ्यांची पांगापांग झाली, नवऱ्याची बदली इंदूरला झाली, त्याचा पगार तिथंच खपायला लागला. आणि त्यातच सासरे अर्धांगानं अंथरुणाला खिळले. मग खल वनमालेच्या हाती आला. विद्या सासऱ्यांचीच. बत्ता उचलण्याआधी धन्वंतरीचं स्तवन मोठ्यानं म्हणायचं, मग गुरूचं नाव घ्यायचं, पण मनात. "तोंडाबाहेर पडलं की औषधाचा गुण गेला," मामंजींनी बजावलेलं. त्यातून गुरू म्हणजे सासरा, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. बिचारी दोन्हीकडून बांधलेली!

नव्या राज्याचा हुकूम आला: वैद्यांनी नोंद करावी, नाहीतर दुकान बंद. शेजारच्या उषाताईंना घेऊन ती टांग्यानं मुरारच्या कचेरीत गेली.

"किससे सीखा?" साहेबानं विचारलं.

"ससुरजी से."

"नाम?"

वनमाला पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"मी सांगते," उषाताई पुढे सरल्या.

"इन्हीं को बोलने दीजिए. ससुर का नाम तो कोई भी बता देगा."

उषाताईंनी कोपरानं ढोसलं. "अगं बोल की! देवाचं नाव रोज घेतेस ना?"

"देव नव्हता बसला मला शिकवायला," ती पुटपुटली.

"बाई, नहीं बताना तो घर जाइए."

घर म्हणजे काय, त्या दुकानावरच तर चूल पेटत होती! भीतीनं डोळे मिटले आणि सवयीनं तोंडातून स्तवन सुरू झालं. भर कचेरीत! कारकून लेखण्या थांबवून बघायला लागले. रोज जिथं ओठ मिटायचे तिथं आज मिटले नाहीत. "महिपतराव," ती म्हणाली, आणि पटकन तोंडावर पदर धरला.

"कौन महिपतराव?" साहेब म्हणाला, लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

घरी येऊन ती सासऱ्यांच्या पायांशी उभी राहिली. "मामंजी, नोंद झाली. पण मी नाव घेतलं. मोठ्यानं."

म्हाताऱ्यानं मान तिच्याकडे वळवली. आता शाप देतात की काय, म्हणून हिचा जीव मुठीत.

"साहेबानं... ओळखलं का?" त्यांनी अडखळत विचारलं.

"हो तर! उठून उभे राहिले, मामंजी. हात जोडले."

चालत्या बाजूच्या ओठानं म्हातारा हसला. "मग असू दे," म्हणाला आणि डोळे मिटले.

ती दुकानात आली. खोकल्यानं बेजार झालेली एक बाई पायरीवर बसली होती. नाव घेतल्याचं निभावलं म्हणावं, पण गुरूशी खोटं बोललेल्या हाताच्या औषधाचं काय होतं? विचारायचं कुणाला? ज्यांना विचारायचं, त्यांनाच तर थाप मारून आलेली.

"बाईजी, दवा दे रही हो?"

"देते गं, बस," वनमाला म्हणाली, आणि अडुळसा नीट ओळखूनसुद्धा पुन्हा पुन्हा हुंगून बघायला लागली.