पाटाखालची जागा

"मंदामावशी, आई गेली," एवढंच मेधाबाईंची लेक ईशा फोनवर म्हणाली, आणि कुणाला खरं वाटणार नाही, पण मी आधी चिडले. बाईंवर चिडले. आठच दिवसांपूर्वी मी डोंबिवलीला त्यांच्याकडे गेलेले. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय, आणि दोन शब्दांमागे एक श्वास घेत बाईंनी माझ्याकडून वचन घेतलं. "ईशाला तपासणीला न्या... माझं ऐकत नाही ती." मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या व्हा आणि तुम्हीच न्या." तर वर्गात चुकीच्या उत्तराला बघायच्या तशा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शहाणपणा नको, मंदाताई. हो म्हणा." मी हो म्हटलं. मला वाटलेलं, अजून वेळ आहे, दिवाळीपर्यंत तरी आहे. आणि ह्या बाई माझ्या गळ्यात ते हो अडकवून चक्क निघून गेल्या.

मेधाबाई कल्याणच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत असिस्टंट. बाटल्या धुणं, स्लाइडी पुसणं, मायक्रोस्कोप मोजून कपाटात ठेवणं... एकतीस वर्षं. मी बारावी कॉमर्स, माहेर माणगावकडचं, लग्न होऊन मोहन्याला आलेली. सायन्सशी माझा संबंध काय, तर नोकरी मिळाली म्हणून. लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी खिडकीतले पाण्यात ठेवलेले कांदे फेकून दिले. मला वाटलं, कुणीतरी विसरलंय आणि त्यांना मुळं फुटलीत. बाई आल्या आणि अशा ओरडल्या की खालून शिपाई धावत आला. पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी आठवडाभर वाढवलेली मुळं होती ती! मी रडायला लागले तशी त्याच बाईंनी मला स्टुलावर बसवलं, कचऱ्यातला एक कांदा उचलून आणला, मुळाचं टोक कापून, रंगवून, काचेखाली दाबलं आणि म्हणाल्या, "आता बघा काय फेकलंत ते." मी बघितलं. जांभळ्या चौकोनांमध्ये बारीक बारीक दोऱ्यांचे पुंजके. "ती पेशी दोन होतेय. पण त्याआधी तिने आतला सगळा मजकूर उतरवून काढलाय, अक्षरन् अक्षर. तो नीट उतरला तरच पुढची पेशी शहाणी." त्या दिवसापासून मी त्यांची दुसरी बॅच की तिसरी, कुणास ठाऊक, पण विद्यार्थिनी झाले ती झालेच.

दरवर्षी एका धड्यावर बाईंचं घोडं अडायचं. डीएनएच्या दोन पट्ट्या उलगडतात. एका पट्टीची नक्कल सरळ सलग होते, दुसरीची मात्र उलटीकडून, तुकड्या-तुकड्याने. प्रत्येक तुकडा सुरू करायला आधी एक छोटासा आधार लागतो. काम झालं की तो आधार काढून टाकायचा आणि ती रिकामी जागा मागच्या तुकड्यावरून भरून घ्यायची. इथपर्यंत पोरं माना डोलवायची. पण अगदी टोकाचा आधार काढला की ती जागा भरता येत नाही, आणि म्हणून प्रत्येक नकलेत टोक थोडं आखूड होतं, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नसे. एकदा बाई वैतागून खडू टाकून मागे लॅबमध्ये आल्या. मी सहज बोलून गेले, "बाई, हे सारवण्यासारखंच की हो." म्हणाल्या, "म्हणजे?" मी सांगितलं, आमची आई पाटावर बसून सारवायची. समोरचं झालं की पाट मागे सरकवायचा, आणि पाट होता ती जागा मागून हात लांबवून भरायची. असं करत करत पाठ भिंतीला टेकली की संपलं. मागे सरकायला जागा नाही, म्हणून पाटाखालची जागा तेवढी कोरडी राहते. बाईंनी माझा हात धरला आणि मला तश्शी ओल्या ॲप्रनमध्ये वर्गात नेऊन उभी केली. "हे मंदाताईंकडून ऐका." मागच्या बाकावरून एक कार्टं ओरडलं, "बाई, मग उठायचं ना आणि दुसरीकडून सारवायचं!" बाई म्हणाल्या, "हाच तर घोळ आहे. पेशीचा हात एकाच दिशेने चालतो. तिला उठता येत नाही." मग शांतपणे समजावलं, की पेशीला हे माहीतच असतं, म्हणून तिने टोकाला कामाचा मजकूर ठेवलेलाच नाही. तीच सहा अक्षरं पुन्हा पुन्हा, हजारदा लिहून ठेवलीत. झिजायचं तर ती झिजोत, आतलं शाबूत राहो. आणि काही पेशींकडे ती टोकं पुन्हा लांबवणारा एक कारागीरही असतो. पुढे जितकी वर्षं बाईंनी तो धडा शिकवला, तितकी वर्षं "हे आमच्या मंदाताईंचं उदाहरण" असं म्हटल्याशिवाय शिकवला नाही. मला इतकी लाज वाटायची... आणि त्या तासाला मी मुद्दाम दाराशी काहीतरी पुसत उभी राहायचे.

आता जे लिहायचंय ते जड जातंय. आमच्या लॅबच्या भिंतीवर एक तक्ता होता. आनुवंशिकता शिकवताना प्रत्येक मुलाने आपल्या घराण्याचा तक्ता काढायचा, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि घरात चालत आलेली एखादी खूण ज्याच्याकडे असेल त्याचा आकार काळा भरायचा. नमुना म्हणून बाईंनी स्वतःच्या माहेरचा तक्ता टांगलेला. खूण कुठली, तर अवेळी पांढरे झालेले केस. बाईंचे स्वतःचे बाविसाव्या वर्षी पांढरे व्हायला लागले होते आणि त्यांनी ते कधी रंगवले नाहीत. "ज्याचे केस पांढरे त्याचा गोल काळा," असं त्या म्हणाल्या की पोरं दरवर्षी हसायची. माणूस गेलं की आकारावर तिरकी रेघ मारायची, असा नियम. माझं अक्षर आणि रेघ नीट, म्हणून बाईंची आई गेली तेव्हा आणि मामा गेले तेव्हा त्या रेघा मीच मारल्या. पट्टी ठेवून, न थरथरता. पोरांनी तो तक्ता वर्षानुवर्षं जर्नलमध्ये उतरवून घेतला. मी दर शनिवारी त्यावरची धूळ झटकायचे.

बाईंचा खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही दोघींनी खडूला शिव्या घातल्या. मग लॅबमधल्या फॉर्मालिनला, मग डोंबिवलीच्या हवेला. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा मीच मागे लागून त्यांना ठाण्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाई तासाला गेल्याच नाहीत. सरळ लॅबमध्ये येऊन तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. "मंदाताई, इकडे या. काळे आकार बघा." मी बघितले. आजोबा, आई, मामा. "आता रेघा बघा." बघितल्या. एक बाईंचा गोल सोडला, तर काळ्या भरलेल्या प्रत्येकावर रेघ होती. एकालाही साठी बघायला मिळालेली नव्हती. आणि कोऱ्या गोलातली त्यांची मावशी चौऱ्याऐंशीची होऊन अजून कल्याणला भाजी घासाघीस करून घेत होती. बाई म्हणाल्या, "आईला आपण दमा म्हणत होतो. मामाला सिगरेटी नडल्या म्हणालो. डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न काय विचारावा? घरात कुणाचे केस लवकर पांढरे झाले का म्हणून. फुफ्फुसं टणक होत चाललीत माझी. टोकं राखणाऱ्या कारागिराच्या मजकुरातच आमच्याकडे चूक आहे, म्हणून केस आणि फुफ्फुसं लवकर म्हातारी होतात, असा त्यांना संशय आहे." आणि मग हसल्या, खोकेपर्यंत हसल्या. "मी हे दोन धडे शेजारी शेजारी शिकवले हो, आयुष्यभर! एक फळ्यावर, एक भिंतीवर." मला त्या क्षणी त्या रेघा मारणाऱ्या माझ्या दोन्ही हातांचा राग आला. पुढे रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरांचा संशय खरा निघाला.

तक्त्यात बाईंच्या खाली एकच गोल होता, ईशाचा. ईशाचे बाबा ती शाळेत असतानाच अपघातात गेले, त्यामुळे ह्या मायलेकी दोघीच. ईशा आता सव्वीसची, वागळे इस्टेटला एका फर्निचरच्या कंपनीत डिझायनर. दिवसभर भुशात उभी राहणार आणि चहाच्या सुट्टीत खाली येऊन सिगरेट फुंकणार. कपाळावर चोविसाव्या वर्षीच पांढरी बट आली, ती तिने लाल रंगवून टाकली. बाईंनी तक्ता गुंडाळून घरी नेला, लेकीपुढे पसरला, सगळं समजावलं. वारशात नुसती चूकच येते असं नाही, झिजलेली टोकंही येतात, म्हणून दर पिढीत दुखणं लवकर गाठू शकतं. हे पोटच्या पोरीला सांगताना त्या माऊलीचं काय झालं असेल... ईशाचं उत्तर ठरलेलं. "औषध आहे का बरं करायला? नाही ना? मग कळून काय करू?" बाई म्हणायच्या, "अगं, लक्ष ठेवता येतं, धूर-धूळ टाळता येते, लवकर पकडता येतं." पण ऐकेल ती ईशा कसली. बाईंना स्वतःच्या मरणाची फिकीर नव्हती हो. सगळा जीव त्या एका गोलात अडकलेला.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ईशाने कपाटातून तो तक्ता काढला. पट्टी आणि काळं पेन माझ्यापुढे ठेवलं. "मावशी, तुमचीच रेघ सरळ येते. आईची तुम्हीच मारा." माझं डोकंच फिरलं. मी पेन ढकललं. "मी नाही मारायची." ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "तू आधी रक्त देऊन ये, मग मारते." ईशा उसळली. "ब्लॅकमेल करताय तुम्ही!" "हो, करतेय," मी म्हटलं. "तुझ्या आईने मला एकतीस वर्षांत एकच गोष्ट मागितली. तू नाही म्हणालीस तर मी तिला काय तोंड दाखवू?" दोघीही तावातावाने बोलत होतो आणि मध्येच दोघींच्याही लक्षात आलं, की आत आता मशीनचा आवाज नाहीये... मग भांडणच बसलं. पोर माझ्या मांडीत डोकं घालून ढसाढसा रडली. लाल रंग उतरत आला होता, भांगाशी सगळं पांढरं. म्हणाली, "मला भीती वाटते गं, मावशी." आजवर मला ती 'अहो' म्हणायची.

पुढच्या सोमवारी आम्ही रक्त देऊन आलो. घरी आल्यावर मी पट्टी ठेवली आणि बाईंच्या गोलावर रेघ मारली. ती काही सरळ आली नाही. ईशा म्हणाली, "राहू दे, आईला चालेल." मी म्हटलं, "तुझ्या आईला? तिने पूर्ण तक्ता पुन्हा काढायला लावला असता."

रिपोर्ट यायला महिन्याच्या वर गेला. आला त्या दिवशी ईशा तो न उघडताच रिक्षाने मोहन्याला माझ्याकडे आली. पोह्यांची बशी पुढ्यात होती. तिने वाचला, पुन्हा वाचला. चूक होती. आईकडची तीच चूक, तशीच्या तशी उतरलेली. मी देवाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ईशा मात्र त्या कागदावरून बोट फिरवत बसली. म्हणाली, "बघ ना मावशी, आईचं काहीतरी माझ्याकडे आहे, हे लेखी मिळालं." मला इतका संताप आला! "काय बोलतेस काय? अगं, तिचं नाक आहे तुझ्याकडे, तिचा आवाज आहे, तिचा हट्ट आहे, ते नाही दिसत? हेच मेलं सापडलं मिरवायला?" ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग बॅगेतून सिगरेटचं पाकीट काढून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पोहे संपवले. बाईंना हे सांगायला मी खरोखर उठले होते... फोन कुठे ठेवलाय ते शोधत दोन पावलं गेले आणि थांबले. आजही असं होतं. काही विचारायचं असलं, कुणाच्या चहाड्या सांगायच्या असल्या, पहिलं नाव त्यांचंच येतं. कोणी समजावून देणारं राहिलं नाही, ह्यापेक्षा हक्काने रागावणारं राहिलं नाही, हे जास्त लागतं.

परवा ठाण्याला त्याच डॉक्टरांकडे ईशाची पहिली तपासणी होती. फुंकून बघायची चाचणी झाली, फोटो झाले. सध्या छाती स्वच्छ आहे, आता दर सहा महिन्यांनी यायचं, आणि भुशात उभं राहायचं बंद. तिने कंपनीत बसून करायचं काम मागून घेतलंय. नोंदणीच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटबरोबर कोण? नातं काय?" मी गडबडले. मावशी म्हणावं तर खरी मावशी नाही. घराण्याच्या तक्त्यात मला ना गोल ना रेघ. कॉलेजात कुणी विचारलं तर मी म्हणायचे, मेधाबाईंच्या लॅबमधली मंदा. मुलीने पुन्हा विचारलं, "मॅडम, काय लिहू?"

"हिच्या आईची मैत्रीण," मी म्हटलं. तिने लिहूनही टाकलं.

एकतीस वर्षांत तुमच्या तोंडावर हे कधी म्हणाले नाही, बाई. तुम्ही खुर्चीवर, मी स्टुलावर, जीभच रेटली नाही. आगाऊपणा झाला असेल तर ओरडा मला. खालून शिपाई धावत येईल असं ओरडा... पण एकदा ओरडा.