बाबांच्या जीपचा तळ

मंडळी, आज काही सुचत नाहीये.

बाबांना एकदा समुद्र पाहायचाय, तोही त्यांच्या पन्नासच्या दशकातल्या जीपमधून. किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यानं तळ गंजू नये, म्हणून सकाळी सिंदेवाहीच्या गॅरेजात रंग मारायला नेली.

बाबा दर पावसाळ्यात तळाला डांबर फासायचे, नदीतल्या डोंग्याला फासतात तसं. भाताच्या बांधीचा चिखल न धुताच. मिस्त्रीनं ते खरवडलं, तर आतून गंजलेल्या चेसिसचे तुकडेच खाली पडले.

"भाऊ, ही गाडी आता गावाबाहेर नेऊ नका."

बाबा खुर्चीवरून पाहत होते. म्हणाले, "मागच्या महिन्यात डॉक्टरनं माह्यं पोट उघडून पाह्यलं अन् तसंच शिवलं. आता गाडीलेबी खालून पाह्यलं. काऊन पाह्यता रे?"

पाहिलं नसतं, तर उद्या निघालो असतो. तुम्ही पाहिलं असतं?